कावडीतले वार्धक्य

दूरचित्रवाणीवरील मालिका हा चळवळीतील माणसाने गांभीर्याने घ्यावा असा विषय नव्हे, अशी समजूत आपल्याकडे फार काळ रूढ आहे. मालिका म्हणजे फावल्या वेळचा विरंगुळा, फार तर भांडवली करमणुकीचा एक प्रकार, एवढे म्हणून आपण तो विषय बाजूला सारतो. परंतु मालेगाव, रिसोड किंवा मानोरा तालुक्यातील कोणत्याही खेड्यात दिवेलागणीनंतर फेरी मारणाऱ्या कार्यकर्त्याला ठाऊक आहे की, ग्रामसभेला जमत नाहीत तेवढी माणसे त्या वेळी पडद्यासमोर बसलेली असतात. दिवसभर वावरात राबून आलेली बाई स्वयंपाक उरकता उरकता जी गोष्ट रोज पाहते, ती गोष्ट तिला कुटुंब, प्रतिष्ठा, बाईपण आणि म्हातारपण यांविषयी काही ना काही शिकवत असते. आपल्या पत्रकातून वर्षाकाठी एकदा पोचणारा विचार आणि पडद्यावरून रोज पोचणारा विचार यांची तुलना केली, तर दुसऱ्याची उपेक्षा करण्याची चैन आपल्याला परवडणारी नाही.

म्हणून येथे आम्ही एकच प्रश्न विचारासाठी घेत आहोत. मालिका म्हातारपण कसे रंगवतात, त्याविषयीचे रूढ ठोकताळे त्यांनी कितपत मोडले, आणि कोणत्या ठोकताळ्याला त्यांनी अजून हातही लावलेला नाही?

प्रश्न किती माणसांचा आहे, हे आधी पाहू. २०११ च्या जनगणनेनुसार देशात साठी ओलांडलेल्यांची संख्या सुमारे १० कोटी ३८ लाख होती आणि त्यांपैकी ७ कोटी ३३ लाख माणसे खेड्यांत राहत होती. देशाच्या लोकसंख्येत वृद्धांचे प्रमाण तेव्हा ८.६ टक्के होते. महाराष्ट्रात ते ९.९ टक्के होते. पुढील काळात हे प्रमाण वाढतच गेले आहे. १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वेगळा झालेला आपला वाशिम जिल्हा सोयाबीन, तूर आणि कपाशीवर जगतो. हाताला काम मिळावे म्हणून तरुण पुण्या-मुंबईकडे जातात. मागे घर, वावर आणि पुष्कळदा नातवंडे सांभाळण्यासाठी उरतात ती म्हातारी माणसे. म्हातारपणाचे चित्र कोण आणि कसे रंगवतो, हा येथे केवळ कलेचा प्रश्न राहत नाही.

मराठी प्रेक्षकाच्या मनात वृद्धत्वाचे जे साचे आहेत ते दूरचित्रवाणीने निर्माण केलेले नाहीत. रंगभूमीने ते आधीच घडवून ठेवले होते. १९७० साली वि. वा. शिरवाडकरांचे 'नटसम्राट' आले आणि त्यानंतर काही वर्षांतच जयवंत दळवींचे 'संध्याछाया'. दोन्ही नाटके थोर आहेत. परंतु त्यांच्या प्रभावातून 'मुलांनी टाकलेले आईबाप' हा एक साचा पुढे सर्वत्र पसरला. म्हातारा म्हणजे ज्याचे सर्वस्व गेले आहे असा माणूस, आणि प्रेक्षकाचे कर्तव्य म्हणजे त्याच्यासाठी अश्रू ढाळणे.

दूरदर्शनने १९८४–८५ साली 'हम लोग' आणि १९८६–८७ साली 'बुनियाद' दाखवून वृद्धांना कुटुंबाच्या मध्यभागी आणून बसवले. 'बुनियाद'मध्ये तर फाळणीचा इतिहासच एका जोडप्याच्या वार्धक्यापर्यंत आणून सोडला. खाजगी वाहिन्यांचा काळ आला तेव्हा आणखी दोन साचे पक्के झाले. एक देव्हाऱ्यातल्या आजीचा, जी बसल्या जागेवरून आशीर्वाद देते. २००० साली सुरू झालेल्या 'क्योंकि सास भी कभी बहू थी' या मालिकेतील सुधा शिवपुरी यांची 'बा' ही तिची प्रातिनिधिक मूर्ती. दुसरा साचा कारस्थानी सासूचा, जिच्या हातातल्या किल्ल्यांचा जुडगा हेच जणू तिचे चारित्र्य. टाकलेला बाप, देव्हाऱ्यातली आजी आणि कारस्थानी सासू या तीन साच्यांत आपल्या मालिकांचे बहुतेक वार्धक्य बसवता येते.

या साच्यांतील एक गोष्ट अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला विशेष लक्षणीय वाटते. वार्धक्य ही पडद्यावर पुष्कळदा केसांना पांढरा रंग लावून मिळवायची वस्तू ठरली. 'बुनियाद'मधील मास्टर हवेलीराम साकारणारे आलोकनाथ तेव्हा तिशीच्या घरात होते. तुलसीची भूमिका सुरू केली तेव्हा स्मृती इराणी २४ वर्षांच्या होत्या आणि काही वर्षांतच कथेने घेतलेल्या उड्यांमुळे त्या पडद्यावर सुना-नातवंडांच्या धनी झाल्या. या कलावंतांच्या गुणवत्तेविषयी आमची काही तक्रार नाही. तथापि खरा म्हातारा चेहरा, खरी सुरकुती, खरा थकलेला आवाज पडद्याला जड वाटतो, आणि तरुण चेहऱ्यावर चढवलेले म्हातारपण हलके व विकण्याजोगे वाटते, हे यातून उघड होते.

मात्र सारे चित्र एवढेच आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल. मराठी मालिकांनी हे साचे मोडण्याचे काही प्रामाणिक प्रयत्न केले आहेत, आणि त्यांचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे.

२००१ साली आलेली 'श्रीयुत गंगाधर टिपरे' ही त्यांतील पहिली ठळक मालिका. दिलीप प्रभावळकरांच्या 'अनुदिनी' या पुस्तकावर ती आधारलेली होती, केदार शिंदे यांनी ती दिग्दर्शित केली, आणि आबांची भूमिका स्वतः प्रभावळकरांनी केली. या निवृत्त आजोबांना कोणी टाकलेले नव्हते आणि कोणी देव्हाऱ्यातही बसवलेले नव्हते. ते नातवंडांकडून नवे शब्द शिकत, मुलाच्या अडचणी समजून घेत, चुकत, रुसत आणि पुन्हा घरात मिसळून जात. विनोद भरपूर होता. परंतु तो म्हाताऱ्याच्या विसरभोळेपणावर पोसलेला नव्हता. म्हातारा माणूस बदलू शकतो, त्याची जिज्ञासा जिवंत असते, ही साधी गोष्ट त्या मालिकेने घरोघरी पोचवली.

पुढचे पाऊल २०१९ साली 'अग्गंबाई सासूबाई'ने टाकले. निवेदिता सराफ यांची आसावरी ही वर्षानुवर्षे मुलासाठी आणि सासऱ्यांसाठी राबणारी विधवा. तिच्या आयुष्यात गिरीश ओक यांचा अभिजीत राजे येतो आणि तिचे लग्न लावून देण्यासाठी पुढे सरसावते ती तिची सून. सासू आणि सून यांना एकमेकींच्या वैरी ठरवूनच ज्या माध्यमाने दोन दशके धंदा केला, त्याच माध्यमात सुनेने सासूचा हात धरावा, ही लहान गोष्ट नव्हे. त्याच वर्षीच्या डिसेंबरात सुरू होऊन २०२४ पर्यंत चाललेल्या 'आई कुठे काय करते' या मालिकेतील अरुंधतीने तर संसाराची पंचवीस वर्षे झाल्यावर घटस्फोट घेतला, स्वतःच्या पायावर उभी राहिली आणि पुन्हा लग्नही केले. विशेष म्हणजे, प्रेक्षकांनी या बायकांना झिडकारले नाही. त्या त्यांच्या लाडक्या झाल्या.

येथे इतिहासाचे स्मरण ठेवले पाहिजे. विधवाविवाहाचा कायदा १८५६ चा. महर्षी कर्व्यांनी विधवेशी विवाह केला तो १८९३ साली. तो लढा मुख्यतः पांढरपेशा जातींतील बालविधवांसाठी होता. खेड्यांतील कष्टकरी जातींत पाट लावण्याची चाल पूर्वापार होती. वरच्या जातींचे अनुकरण करून प्रतिष्ठा मिळवण्याच्या नादात अनेकांनी ती टाकली. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाडच्या ग्रामसभेने विधवांना अपमानित करणाऱ्या प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींना तो कित्ता गिरवण्यास सांगितले. म्हणजे आसावरी पडद्यावर मोठ्या थाटाने नवरी झाल्यानंतरही गावोगावी बांगड्या फोडू नका, कुंकू पुसू नका, हे ठरावाने सांगावे लागत होते. मालिकेने मोडलेला ठोकताळा किती घट्ट होता, हे यावरून दिसते; आणि मालिकेचे मोल त्यामुळे वाढते.

एवढे मान्य केल्यानंतर खरा प्रश्न उभा राहतो. या मालिकांनी म्हाताऱ्या माणसाला मन परत दिले, प्रेम करण्याचा अधिकार परत दिला. पण त्याचे हात परत दिले काय?

आबा टिपरे निवृत्त आहेत. आसावरीच्या डोक्यावर भक्कम घर आहे आणि तिच्यापुढे येणारा जोडीदार सुस्थित आहे. लहान-मोठ्या बहुतेक मालिकांतील आजी-आजोबांच्या मागे वाडा, बंगला, कारखाना किंवा निदान निवृत्तिवेतन उभे असते. त्यांच्या व्यथा एकाकीपणाच्या, मानापमानाच्या आणि गैरसमजाच्या असतात. औषधाला पैसे नाहीत, शिधापत्रिकेवरून नाव उडाले, मजुरीला गेले नाही तर चूल पेटणार नाही, अशी व्यथा तेथे अपवादानेच दिसते. या साऱ्या कथांच्या मुळाशी एक समजूत न बोलता गृहीत धरलेली असते: साठी आली की माणूस काम थांबवतो, आणि त्यानंतर तो कोणाच्या तरी आधारावर जगतो. आधार देणारा मुलगा चांगला निघाला तर सुखान्त, वाईट निघाला तर शोकान्त.

वस्तुतः निवृत्ती ही वयाची अवस्था नसून वर्गाची सवलत आहे. सरकारी नोकर, प्राध्यापक, बँकेतील अधिकारी निवृत्त होतात. वाशिम जिल्ह्यातील शेतमजूर बाई कोणत्या दिवशी निवृत्त होते? साठीनंतरही ती निंदणाला जाते, सोयाबीनच्या सोंगणीत वाकते, कपाशीच्या वेचणीत ओटी भरते. वाकणे अगदीच अशक्य झाले की शेळ्या राखते, घरी राहून पोरे सांभाळते, म्हणजे सुनेला मजुरीला जाता येते. तिच्या या शेवटच्या श्रमाला मजुरी नाही आणि नावही नाही. पण तो नसेल तर घरातील दुसरी मजुरी बुडते. आमच्याकडे तिला 'बुढी' म्हणतात आणि 'बुढी घरीच बसून असते' असेही म्हणतात. ती बसून नसते. कुटुंबाचा भार तिच्यावर असतो आणि समाज मात्र तिलाच भार समजतो.

ग्रामीण म्हातारी पडद्यावर येते, नाही असे नाही. २०२० साली सुरू झालेल्या 'देवमाणूस'मधील सरू आजी आपल्या म्हणी आणि शिव्यांमुळे घरोघरी गाजली. तो अभिनय खणखणीत होता, यात शंका नाही. परंतु गावाकडची म्हातारी म्हटली की तिने हसवायचे, हा करार तेथेही शाबूत राहिला. आमच्या वऱ्हाडी बोलीच्या वाट्याला तर बहुधा विनोदाचेच काम येते. ज्या बोलीत येथील माणसे कर्जाविषयी, दुबार पेरणीविषयी आणि मरणाविषयी बोलतात, ती बोली गंभीर प्रसंगाला चालत नाही, असे मालिकांनी परस्पर ठरवून टाकले आहे.

याचे कारण लेखकांच्या दुष्टपणात शोधण्यात अर्थ नाही. ते व्यवहाराच्या रचनेत आहे. खाजगी वाहिनी प्रेक्षकाला मालिका विकत नाही. ती जाहिरातदाराला प्रेक्षक विकते. प्रेक्षकसंख्येची मोजणी ग्रामीण घरांतही होऊ लागली, त्याला २०१५ पासून काही वर्षे लोटली. परंतु मोजले जाणे वेगळे आणि मोल असणे वेगळे. जाहिरातदाराला डोळे हवे असतात ते खरेदी करू शकणाऱ्याचे. मासिक दीड हजारावर जगणारी विधवा ही प्रेक्षक असली तरी गिऱ्हाईक नव्हे. म्हणून ती पडद्यासमोर बसू शकते, पडद्यावर येऊ शकत नाही.

या व्यवसायात राबणाऱ्या वृद्धांच्या वाट्याला काय आले, तेही पाहण्यासारखे आहे. ३० मे २०२० रोजी राज्य शासनाने चित्रीकरणास पुन्हा परवानगी देताना ६५ वर्षांवरील कलावंतांना व कामगारांना चित्रीकरणस्थळी मज्जाव केला. सत्तरीतील एका अभिनेत्याने मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली. त्याचे म्हणणे साधे होते: माझे पोट याच कामावर आहे. इतर धंद्यांतील त्याच वयाच्या माणसांना असा मज्जाव नसताना केवळ कलावंतांनाच का, हा भेदभाव न्यायालयाने अमान्य केला आणि ७ ऑगस्ट २०२० रोजी ती अट रद्द ठरवली. वयाच्या आकड्यावरून माणसाला निरुपयोगी ठरवण्याच्या वृत्तीला न्यायपीठाने दिलेले हे उत्तर होते.

परंतु गोष्ट तेथे संपत नाही. सप्टेंबर २०२० मध्ये ज्येष्ठ अभिनेत्री आशालता वाबगावकर यांचे साताऱ्यात निधन झाले. 'आई माझी काळूबाई' या मालिकेच्या चित्रीकरणाच्या काळात त्यांना कोरोनाची लागण झाली होती. त्यांचे वय तेव्हा ७९ होते. या दोन घटना शेजारी ठेवल्या म्हणजे कोणताही एकेरी निष्कर्ष टिकत नाही. म्हाताऱ्यांना घरी बसवा, हे उत्तर नव्हे. त्याने भूक थांबत नाही. काम करू द्या, एवढेही उत्तर नव्हे. कारण सुरक्षेची, विम्याची आणि आजारपणातील मोबदल्याची हमी नसेल, तर कामाचा अधिकार हा धोका पत्करण्याचा अधिकार होऊन बसतो. जे चित्रीकरणस्थळी खरे, तेच सोयाबीनच्या वावरात खरे. म्हाताऱ्या माणसाला काम करता आले पाहिजे, आणि काम न करताही जगता आले पाहिजे. ही निवड ज्याच्या हाती आहे तोच सन्मानाने म्हातारा होतो.

आता शासनाकडे वळू. कारण पडद्यावरील ठोकताळा आणि शासकीय योजनेतील ठोकताळा हे सख्खे भाऊ आहेत. राज्याच्या वृद्धापकाळ योजनेचे नाव 'श्रावणबाळ'. आंधळ्या आईबापांना कावडीत बसवून खांद्यावर वाहणारा तो आज्ञाधारक पुत्र. नावातच सारे आले: म्हातारा म्हणजे कावडीतले ओझे, आणि शासन म्हणजे पुण्यवान मुलगा. मुलगा देईल ते घ्यावे. हिशेब मागू नये. ६५ वर्षांवरील निराधार वृद्धांना या योजनेतून पूर्वी महिन्याला ६०० रुपये मिळत, पुढे १,००० झाले आणि २०२३ साली १,५००. म्हणजे दिवसाला ५० रुपये. पात्रतेसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा वर्षानुवर्षे २१,००० रुपये धरली गेली; महिन्याला १,७५० रुपयांहून अधिक मिळवणारे घर या हिशेबाने निराधार नव्हे. केंद्राचा वाटा तर त्याहून लाजिरवाणा आहे. १९९५ साली राष्ट्रीय वृद्धापकाळ योजना सुरू झाली ती ७५ रुपयांवर. २००७ साली तिला इंदिरा गांधींचे नाव मिळाले तेव्हा केंद्राची रक्कम २०० रुपये होती, आणि ८० वर्षांखालील वृद्धांसाठी ती त्यानंतर हललेली नाही. मधल्या काळात किमती दुपटीहून कितीतरी वर गेल्या.

वयाचा पुरावा हा आणखी एक विनोद. पडद्यावर वय रंगभूषाकार ठरवतो; तहसील कचेरीत ते कागद ठरवतो. जिचा जन्म कोठेच नोंदला गेला नाही त्या बाईचे वय कोणीतरी अंदाजाने लिहिलेले असते, आणि त्या अंदाजातील चार-पाच वर्षांच्या चुकीमुळे तिचे अनुदान तेवढी वर्षे लांबते. कंबर वाकली तरी कागदावर ती अजून म्हातारी झालेली नसते.

कोणी म्हणेल, मालिका ही करमणूक आहे. तिच्याकडून निवृत्तिवेतनाच्या लढ्याची अपेक्षा कशाला? आक्षेप विचार करण्याजोगा आहे. नाटकाचा जाहीरनामा झाला की नाटक मरते, हे आम्हांलाही मान्य आहे. आमची मागणी घोषणांची नाही, सत्याची आहे. सुनेने सासूचे लग्न लावून द्यावे, ही गोष्ट सांगायला जे धैर्य लागले, तेच धैर्य सत्तरीतील मजूर बाईची गोष्ट सांगायला पुरेसे आहे. तिच्या आयुष्यात प्रेम, मत्सर, विनोद, कारस्थान यांपैकी काय कमी आहे? लोक जे रोज पाहतात ते त्यांना स्वाभाविक वाटू लागते. म्हातारी माणसे म्हणजे केवळ मायेचा विषय, हे स्वाभाविक वाटू लागले, की २०० रुपयेदेखील माया म्हणून खपून जातात. त्यांनी आयुष्यभर संपत्ती निर्माण केली आणि आजही करीत आहेत, हे डोळ्यांना दिसू लागले, तर तोच आकडा चोरी वाटू लागेल.

म्हणून आपल्या कार्यकर्त्यांपुढे आम्ही चार कामे ठेवतो.

पहिले, मालिकांची टवाळी थांबवून त्यांच्याविषयी बोलणे. बचत गटाच्या बैठकीत आसावरीविषयी किंवा अरुंधतीविषयी प्रश्न विचारून पाहा. पुनर्विवाह, वारसा, घरावरील नाव आणि म्हातारपणाची कमाई या विषयांवर बायका ज्या मोकळेपणाने बोलतील, तो आपल्या शिबिरांत सहसा दिसत नाही.

दुसरे, दूरदर्शनकडे मागणी. खाजगी वाहिन्यांना जाहिरातदाराची सबब आहे. जनतेच्या पैशावर चालणाऱ्या सह्याद्री वाहिनीला ती नाही. कष्टकरी वृद्धांच्या जीवनावरील, तेथील बोलीतील आणि खऱ्या वृद्ध कलावंतांना काम देणाऱ्या मालिका तिने केल्या पाहिजेत.

तिसरे, आपली स्वतःची रंगभूमी. निळूभाऊ फुल्यांसारखा नट राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकातून घडला, हे विसरता कामा नये. तालुक्यातालुक्यांतून असे पथक उभे राहिले आणि त्यात तरुणांच्या केसांना पांढरा रंग लावण्याऐवजी गावातीलच म्हातारी माणसे उभी राहिली, तर साचा तेथेच मोडेल.

चौथे आणि सर्वांत निकडीचे, निवृत्तिवेतनाचा लढा. डॉ. बाबा आढाव आणि अरुणा रॉय यांच्या पुढाकाराने पेन्शन परिषदेने २०१२ पासून मांडलेली मागणी स्पष्ट आहे: असंघटित कष्टकऱ्याला किमान वेतनाच्या निम्म्याइतके निवृत्तिवेतन, आणि तेही महागाईशी जोडलेले. शेजारच्या बुलढाण्यात कामगार निवृत्तिवेतनधारकांनी साखळी उपोषण चालवून दाखवले आहे की म्हातारी माणसे लढू शकतात. आपल्या जिल्ह्यात या कामाची सुरुवात तहसील कचेरीपासून करावी लागेल. गाववार याद्या करा, वयाचे दाखले मिळवून द्या, अडलेल्या अर्जांची लेखी कारणे मागा. अर्ज घेऊन जाताना मात्र एक पथ्य पाळा: 'आमच्या म्हाताऱ्यांवर दया करा' हे वाक्य त्यात नसावे. पन्नास वर्षे वावरात राबलेल्या माणसाचे ते थकलेले वेतन आहे, आणि थकबाकी मागताना हात जोडण्याचे कारण नाही.